खाचांचा कोबा

"कोबा म्हणे! याला कोबा म्हणायचं, तर नांगरटीला काय म्हणायचं?"

दादा हे स्वतःशीच पुटपुटला. पण चिमणी त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर पाण्याची बादली घेऊन उभी होती, त्यामुळे तिला ते ऐकावंच लागलं. तिने न ऐकल्याचं तोंड केलं. गेल्या वर्षभरात या घरात ते तोंड सगळ्यांनाच छान जमायला लागलं होतं.

चिमणी हे नाव तिला पाचव्या वर्षी दादानेच ठेवलेलं. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि सिमेंटचं पोतं कुणाची वाट न बघता उचलत होती, पण नाव काही तिच्याबरोबर वाढलं नाही. दादालाही नावं दोन. बहिणीचा दादा, आणि बाकी सगळ्यांचा आरसा मिस्त्री. त्याने घोटलेल्या कोब्यात बघून भांग पाडता येतो, असं लोक म्हणत. एका वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्याने तो खरोखरच पाडला होता, आणि दादा ती गोष्ट अजून सांगे.

दोन वर्षांपूर्वी बहिणीचा गोठा म्हणून त्याने जीव ओतला. पोलादी थापीने कोबा तीनतीनदा घोटला. चिमणीने शेजारपाजार बोलावून दाखवला. खाली गव्हाणीची सावली नाही, अख्खी गव्हाण दिसायची. गाईंना कसं काय वाटतं, ते कुणी विचारलं नाही.

मग मागच्या वर्षी एका सकाळी, नुकत्याच धुतलेल्या गोठ्यात, मोठी नावाची तिची सगळ्यात गुणी गाय मागचे पाय फाकून पडली ती उठलीच नाही.

त्यानंतर घरात कारणं निघाली. नवरा म्हणाला, खूर वाढले होते. दादाची बायको, म्हणजे वहिनी, म्हणाली, पोटात काही नसेल, चक्कर आली असेल. दादा म्हणाला, गाय मुळात पायाने कच्चीच. चिमणी म्हणाली, वय झालं होतं. मोठी सहा वर्षांची होती.

आता मोठीचीच कालवड गाभण होती, व्यायला दहा दिवसांवर आली होती, आणि तिला बांधायला जागा तीच. तेव्हा काहीतरी करणं भाग होतं; काही न बोलता. म्हणून नवऱ्याने घणाचे तीन ठोके घालून कोब्याला आधी तडा तयार केला आणि मग तो दादाला दाखवला. दादाने तड्याकडे बराच वेळ पाहिलं. "सिमेंट वाईट येतं हल्ली," तो म्हणाला. खाचांचं चिमणीने सांगितलं. म्हणाली, खाचा पाडल्या की मूत लवकर वाहून जातं, वास मारत नाही. हे खोटं नव्हतं, नुसतं अपुरं होतं.

अर्धा गोठा फोडला. उरलेला अर्धा दुसऱ्या खेपेला करायचा म्हणून तसाच चकचकत राहिला.

आज सकाळपासून वहिनी माल कालवत होती, नवरा घमेली वाहत होता. दादाने मोरीकडे उतार दिला, फळी ओढली, लाकडी रंधा मारून माल सपाट केला. दुपारी अंगठा टेकवून बघितला. ठसा उठला, पाणी आलं नाही. वेळ झाली होती. आता अर्धा-पाऊण तास. त्यानंतर काँक्रीट कुणाचं ऐकत नाही.

खाचा पाडायला चिमणीने जुन्या दाराच्या फळीला खालून बोटभर जाडीच्या सळ्या ठोकून घेतल्या होत्या. सळ्यांना जळकं तेल लावायचं, फळी टेकवायची, वर उभं राहायचं, उतरायचं, अलगद उचलायची. वर उभं राहायला वजन लागतं. ते काम चिमणीकडे आलं. त्यावर कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांच्या मनात आलं.

मोरीलगतची पहिली ओळ उठली. सरळ, खोल, बघून पोट भरावं अशी.

"कडांना धार राहते," दादा म्हणाला. "खुरांना कापेल. जरा मोडून घेतो."

हे बरोबरच होतं. एक हलका हात फिरवला की झालं. दादा मोरीत उभा राहिला आणि त्याने एक हलका हात फिरवला. मग दुसरा. मग खिशातून पोलादी थापी निघाली.

"दादा, चहा घेतोस?"

"नंतर."

"अहो, पुढची ओळ राहिलीय," वहिनी म्हणाली.

"होईल गं."

"मिस्त्री, तुमचा फोन वाजला वाटतं," नवरा म्हणाला. दादाचा फोन नवऱ्याच्याच हातात होता.

थापी फिरत होती. चाळीस वर्षं जो हात गुळगुळीत करत आला, त्याला थांबायचं कुठे हे कसं ठाऊक असणार? चिमणी बघत राहिली. खाचा आधी उथळ झाल्या, मग रेघा झाल्या, मग त्याही दिसेनात. आणि नेमक्या तिथे, जिथे कालवडीचे मागचे पाय येणार होते. बाहेर झाडाखाली ती उभी होती, फुगलेलं पोट घेऊन, रवंथ करत, कुणावरही संशय न घेता.

चिमणीच्या हातातली बादली कलली. पाणी जुन्या कोब्यावर पसरलं. तिला ते कळलंही नाही.

दादा मोरीतून वर आला. काम झालं की लांबून उजेड कसा पडतो ते बघायची त्याची सवय. मान तिरकी करून, डोळा बारीक करून, तो जुन्या कोब्यावरून मागे मागे सरकला. एक पाऊल, दोन पावलं.

मागचे पाय दादाला नव्हते, म्हणून होते तेच फाकले. तो बसला, आणि बसल्या बसल्याच हातभर पुढे गेला.



"बूट झिजले असतील," नवरा म्हणाला.

"पोटात काही नाहीये सकाळपासून," वहिनी म्हणाली. "चक्कर आली."

"माझा गुडघा मुळातच कच्चा," दादा खालूनच म्हणाला. तो उठू पाहत होता, तळवे टेकत होता. तळवेही सटकत होते.

आता राहिली चिमणी. तिघांनी तिच्याकडे पाहिलं. वय झालं, एवढंच म्हणायचं होतं. दादा अठ्ठावन्नचा, या खेपेला ते शोभलंही असतं. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात तिला नव्या कोब्यावरची मगाशी चमकणारी ओल सुकत चाललेली दिसली.

"दादा," ती म्हणाली, "तुझा कोबा घसरतो. मोठी त्याच्यावरूनच घसरून गेली. आणि मी तो घरोघर सांगून, लोकांना बोलावून दाखवत होते."