प्रितमच्या आधी आलेलं

भावना नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर बियांची उगवण तपासायची आणि घरी आली की भुताखेतांचे खेळ रचायची. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची, असे ते खेळ. सध्या ती नॉर्वेच्या लोककथांवरून एक खेळ लिहीत होती. दर रविवारी दुपारी तो ती दोन मित्रांवर करून पाहायची. सुमित शेजारच्या गल्लीत राहायचा. प्रितम अंबडच्या कोर्टात कारकून होता, तो मोटारसायकलवर यायचा.

या खेपेला तिनं व्हार्डोगर निवडला होता. नॉर्वेत म्हणे काही माणसं घरी पोचायच्या आधी त्यांची चाहूल पोचते. बुटांचा आवाज होतो, कडी वाजते. दार उघडावं तर बाहेर कोणी नसतं, आणि थोड्या वेळानं तोच माणूस खराखुरा येतो. चाहूल कुणाचं काही वाईट करत नाही.

भावनाला हे फारच मवाळ वाटलं. म्हणून तिनं एक नियम पदरचा घातला. चाहुलीला दार उघडलं तर ती घरात येऊन बसते, आणि मागून येणाऱ्या माणसाला घराची वाट सापडत नाही.

तिच्याकडे राहणारी दैवशाला आत्या तुरीच्या शेंगा सोलत होती. भावनानं तिला लिहिलेलं वाचून दाखवलं.

"आमचे हे एसटीवर ड्रायव्हर होते तव्हा असंच व्हायचं," आत्या म्हणाली. "ओट्यावर चपला काढल्याचा आवाज आला की मी भाकर टाकायचे. पाह्यलं तर कोणी न्हाई. भाकर उतरवली की मंग हे यायचे."

"भीती नाही वाटली?"

"कशाची? माणसाचं मन पुढं निघतं, अंग मागून येतं." तिनं शेंग बाजूला ठेवली. "ते वाट चुकायचं कोणी सांगितलं?"

"ते माझं आहे. त्याशिवाय खेळात मजा नाही."

"काढून टाक ते."

भावना हसली. तिनं ते काढलं नाही.

रविवारी तीन वाजता सुमित येऊन नियमांचा कागद वाचत बसला होता. खाली मोटारसायकल थांबली. स्टँड लागला. जिन्यावर पावलं वाजली, प्रितम खाकरतो तसं कोणी खाकरलं आणि दारावर दोन टकटक झाल्या.

"व्हार्डोगर आला वाटतं," म्हणत सुमितनं दार उघडलं.

जिना रिकामा होता. खाली गाडीही नव्हती. त्यानं दार लावून घेतलं. दोघं टेबलाकडे वळले तेव्हा प्रितमच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय किंचित फाकले, कोणी टेकल्यावर फाकतात तसे.

भावनानं प्रितमला फोन लावला.

"अंबड चौफुली दिसून राह्यली," तो म्हणाला. जालन्यात शिरताना लागणारा चौक तो. "पाच मिनिटांत आलो."

अर्ध्या तासानं तिनं पुन्हा फोन केला.

"चौफुली दिसत होती, पण पुन्हा तो मघाचाच पेट्रोल पंप आला. रस्ता तर सरळ हाय."

पाच वाजता त्याचा आवाज बारीक झाला होता. "भावना, ह्या पंपापुढून मी सातव्यांदा चाललो."

सुमित गाडी काढून त्या पंपावर गेला आणि तिथून त्यानं भावनाला फोन केला. ती एका कानाला स्वतःचा आणि दुसऱ्या कानाला आत्याचा फोन लावून उभी होती. आत्याच्या फोनवर प्रितम होता. "आत्ता पंपापुढून चाललो," तो म्हणाला. त्याच वेळी दुसऱ्या कानात सुमित म्हणाला, "गाडी गेल्याचा आवाज आला. पण रस्त्यावर कोणीच न्हाई."

भावनानं पेन घेतला आणि तो नियम खोडला. कागद फाटेपर्यंत खोडला. खुर्ची होती तशीच राहिली.

"आत्या, मी काय करू?"

आत्या रागावली नाही. तिनं पाण्याचा पेला भरला आणि खुर्चीसमोर ठेवला. "घरात घेतलं आन पाणीसुद्धा इचारलं न्हाई कोणी," ती म्हणाली. मग त्या रिकाम्या खुर्चीशी ती हळू बोलली, "आलास, बरं केलंस बाबा. पण एकटाच आलास. तो तिकडं फिरून राह्यलाय. जा, त्याला घेऊन ये."

भावनानं दार उघडून धरलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खुर्ची कुरकुरली. तिच्या अंगाजवळून काहीतरी गेलं, उन्हात तापलेल्या शर्टाचा वास आला, पावलं जिना उतरली आणि खाली न दिसणारी गाडी सुरू झाली.

साडेसहाला प्रितम आला. त्याच्यामागून सुमित आला. प्रितमचा चेहरा धुळीनं पांढरा झाला होता. अंबडहून जालना पंचवीसेक किलोमीटर, आणि त्याची गाडी दोनशे चाळीस चालली होती.

"माझ्यापुढं सगळा वेळ एक जण होता," तो म्हणाला. "माझाच शर्ट, माझीच गाडी. मागं बघत नव्हता. मघाशी त्यानं गाडी वळवली आन सरळ माझ्या अंगावर आला."

"मंग?" आत्यानं विचारलं.

"मंग चौफुली आली."

भावनानं त्याला सगळं सांगितलं.

"तू असं लिहिलंस कशाला?"

"भीती वाटावी म्हणून," ती म्हणाली. तिला त्याच्या डोळ्यांत बघवेना.

एकटं परत जायची त्याची हिंमत नव्हती. सुमितच्या मागं बसून भावना अंबडपर्यंत सोबत गेली. पुढं प्रितमचा लाल दिवा होता. तो एकच आहे ना, हे ती पुन्हा पुन्हा पाहत होती.

घरापुढं पोचल्यावर प्रितम दाराशी नुसताच उभा राहिला. कडीकडे त्याचा हात जाईना. आत त्याची आई भांडी लावत होती. शेवटी भावना पुढं झाली. तिनं कडी वाजवली आणि मोठ्यानं हाक मारली, "काकू, प्रितम आलाय. आम्हीही आहोत सोबत."

भांड्यांचा आवाज थांबला. काकूंनी दार उघडलं, तिघांकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग या की आत."