साठवणीच्या खोलीचा परवाना

सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली आणि त्यांचा जिना कायमचा बंद झाला. झोपायच्या खोल्या वर, खाली नुसतं स्वयंपाकघर. म्हणून मागच्या मोकळ्या जागेत त्यांच्यासाठी एक खोली बांधायची ठरली, मोठ्या खिडकीची. जन्मभर शिवणयंत्र घेऊन खिडकीशी बसलेली बाई. उजेड नसला की त्यांचा जीव घाबरा होतो.

आमचे हे गवंडी. तीस वर्षं लोकांची घरं उभी केली, पण परवाना काढणं हे मालकाचं काम, यांनी त्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. बांधकाम कार्यालयातल्या कारकुनाने दरपत्रक पुढे सरकवलं. राहती खोली असेल तर विटा-सिमेंटपेक्षा परवानाच महाग. साठवणीची असेल तर त्याचा पाचवा हिस्सा.

"भिंती त्याच, छप्पर तेच," हे म्हणाले. "मग फरक कशाचा?"

"आत माणूस राहणार की नाही, त्याचा."

यांनी साठवणीवर खूण केली आणि मोठा तीर मारल्यासारखे घरी आले. मीही शहाणी, लगेच चहा टाकला.

सासूबाई नव्या खोलीत जाऊन आठवडाही झाला नसेल, तोच तपासनीस आला. बोलायला चांगला होता.

"साठवणीच्या खोलीला खिडकी चालत नाही. खिडकी असली की कार्यालय ती राहती धरतं. मग फरक भरा, वर दंड. नाहीतर खिडकी बुजवा."

दंडाचा आकडा ऐकून यांचं तोंड एवढंसं झालं. घर विकलं असतं तरच तो भरता आला असता.

दुसऱ्या दिवशी यांनी विटा लावायला घेतल्या. सासूबाई खाटेवरून बघत होत्या.

"सांधे नीट भर," त्या म्हणाल्या. "लोकांकडे भरतोस तसे."

यांनी भरले. एकदाही हात थांबला नाही, आणि त्याचाच मला संताप आला.

तपासनीस पुन्हा आला तेव्हा भर दुपारी दिवा लावलेला होता. त्याने नवी भिंत ठोकून पाहिली, मग खाटेकडे पाहिलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. त्याच्या कागदावर एक रकाना होता, खोलीत काय ठेवलं आहे याचा. त्याने पेन काढलं.

"बिनखिडकीच्या खोलीत माणूस लिहिलं तर ती पाडावी लागेल," तो हळूच म्हणाला.

"मग नका लिहू," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

त्याने 'जुनं सामान' असं लिहून सही केली. आणि मी, सासूबाईंना स्पष्ट ऐकू जाईल असे, त्याचे आभार मानले.