शेंदराचे तीन हात

शहात्तर साली अमडापूरच्या शेषरावांनी देवळीतला जुना दगडी गणपती विकायला काढला. नांदुऱ्याचा व्यापारी म्हणाला, "नव्या कायद्यानं अशा मूर्तीची फोटोसकट सरकारी नोंद लागते. त्याबिगर मी हात लावणार नाही." शेषरावांच्या बायकोनं, गोजरबाईनं, ते दाराआडून ऐकलं. नोंदीच्या दिवशी पहाटे उठून तिनं तेलात शेंदूर कालवला आणि गणपतीला तीन हात दिले.

नोंदणीचे सरकारी साहेब फोटोग्राफर घेऊन आले, मागोमाग व्यापारी. सोंड दिसेना, कान दिसेना. नुसते दोन चांदीचे डोळे.

"हे काय केलं व?" शेषराव ओरडले.

"फोटो काढून राह्यले म्हून देवाले नटवलं. काऊन, चुकलं काय?"

"कोरीवकाम दिसल्याशिवाय नोंद होणार नाही," साहेब म्हणाले. "शेंदूर खरडा."

शेषरावांनी व्यापाऱ्याकडे पाहिलं. व्यापाऱ्यानं हात मागे घेतले.

"साहेब, तुमीच खरडा," शेषराव म्हणाले.

साहेबांनी चाकू घेतला, देवळीपर्यंत नेला, मग चाकू खाली ठेवला आणि बूट काढून पाया पडले.

चहा पिऊन मंडळी गेली. गोजरबाईनं उरलेला शेंदूर डबीत घट्ट झाकून ठेवला. साहेबांच्या बदल्या होतात, हे तिला ठाऊक होतं.