तीन वर्षं पुरलेला फ्रॉक

मी श्रुतिकाच्या शाळेचा निळा फ्रॉक. मुलुंडमधल्या एका गॅलरीतल्या दोरीवरून बोलतोय.

शिवदास टेलरने मला शिवलं, तेव्हा श्रुतिका दुसरीत जाणार होती. तिची आई प्रेमा त्याला म्हणाली, की वाढत्या अंगाचा शिवा, वर्षभर तरी जायला हवा. वर्ष कसलं, मी तीन वर्षं पुरलो. दर जूनमध्ये प्रेमा मला लेकीच्या अंगावर घालून बघायची. कमरेत मी आवळायचो, तिथली शिवण उसवावी लागली. लांबीला मात्र तसाच, गुडघ्याच्या खाली. प्रेमाला बरंच वाटायचं.

श्रुतिका सकाळी उठता उठायची नाही. भर मे महिन्यात पंख्याखाली तिला थंडी वाजायची. वर्गात बाकावर डोकं टेकून पेंगायची. मुलं तिला ढ म्हणायला लागली. प्रेमा तिला आळशी म्हणायची आणि मला तिच्या डोक्यातून खसकन खाली ओढायची.

दिवाळीच्या सुट्टीत घाटकोपरहून प्रेमाची बहीण शीतल आली. सोबत तिची मानसी, श्रुतिकापेक्षा दोन वर्षांनी लहान. मुली शाळा-शाळा खेळत होत्या. मानसीने मला अंगात चढवलं, तर मी तिच्या गुडघ्याच्या वरच राहिलो. दोघी बहिणी हसल्या. मग शीतलचं हसू मावळलं.

“ताई, मानसी लहान आहे ना गं श्रुतिकाहून?”

प्रेमाने दोघी मुलींना पाठीला पाठ लावून उभं केलं. तिचा नवरा सुयोग म्हणाला, आमच्याकडे सगळे बुटकेच. पण तिला चैन पडेना. तिने श्रुतिकाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उंची, वजन बघितलं, कोरड्या कातडीवरून बोट फिरवलं आणि गळ्यातली थायरॉईड ग्रंथी नीट काम करते का, हे पाहायला रक्त तपासायला सांगितलं.

आम्ही शाळेआधीच लॅबमध्ये गेलो. तिथल्या निलेशने दंडाला रबरी पट्टा बांधला. श्रुतिका आईच्या मांडीवर होती, मुठीत माझा घेर घट्ट धरून.

“आई, मी ढ आहे म्हणून टोचतायत का?”

प्रेमाचा हात तिच्या पाठीवर होता. तो माझ्यावरून हळूहळू फिरायला लागला.

“नाही गं बाळा. तू दमतेस ना, ते का, हे बघायला. तू आळशी नाहीस. मलाच कळलं नव्हतं.”

निलेश तेवढा वेळ थांबला. मग त्याने सुई टोचली. श्रुतिकाने डोळे मिटले, पण हात हलवला नाही.

रिपोर्ट आला. ग्रंथीचं काम मंदावलं होतं; खुंटलेली उंची, थंडी, पेंग, सगळं त्यामुळेच. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि अधूनमधून पुन्हा रक्ततपासणी. सुरुवातीला फरक दिसेना. मग एके दिवशी श्रुतिका आपली आपण उठली. पुढच्या वेळी लॅबमध्ये तिने स्वतःच हात पुढे केला.

या जूनमध्ये प्रेमाने मला पुन्हा बाहेर काढलं. श्रुतिका मला खाली ओढत राहिली, पण मी गुडघ्यापर्यंत पोचेना. प्रेमा रडायला लागली. सुयोग घाबरून आतून आला.

“अहो,” ती म्हणाली, “फ्रॉक होत नाही हिला.”

आता माझं फडकं झालंय. त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्या घरातला एखादा कपडा मुलाला वर्षानुवर्षं होत असेल, तर नुसते खूश होऊ नका. एकदा डॉक्टरांना विचारा.