जावयाच्या जीपचे शॅकल

वरुणराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना शाल दिली आणि त्यांनी लिलावात खात्याची जुनी जीप घेतली. शाल कपाटात गेली. जीप मात्र गेल्या पोंगलला पापनाशमजवळ, मेहुण्याच्या दारासमोरच्या कालव्याच्या बांधावर पोट टेकून बसली. मेहुण्याने, म्हणजे एकोजीने, ट्रॅक्टरला दोर बांधून ती साऱ्या गावादेखत ओढून काढली. वर म्हणाला, "भावजी, पुढच्या खेपेला बसनंच या की."

जावई मेहुण्यापुढे वाकत नसतो, असं वरुणरावांचं घराणं तंजावरात आल्यापासून मानत आलं होतं. त्यातून एकोजी त्यांच्या बायकोचा, चंद्रमतीबाईंचा, धाकटा भाऊ. आता त्याच जागी बांधलेल्या त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जायचं ते जीपनंच, आणि ट्रॅक्टरचं तोंड न बघता, असं वरुणरावांनी ठरवलं.

त्यासाठी जीप उंच व्हायला हवी होती. कमानपाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं, टोक चेसीला टांगून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना शॅकल म्हणतात. पट्ट्या लांब, की गाडी उंच. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या त्यागराजनं दुकानात तीन जोड मांडले.

"हा मधला कसा?"

"फार चांगला, सार."

"आणि हा वीतभर लांब?"

"त्याहून चांगला, सार."

"मग मधला कशाला ठेवलाय?"

"लांब न घेणाऱ्यांसाठी, सार."

वरुणरावांना हे पटलं. पुढे लांब शॅकल लावले की स्टिअरिंग भरकटतं, असं त्यांनी फोनवर वाचलं होतं. म्हणून त्यांनी वीतभर लांब जोड घेतला आणि फक्त मागे बसवायला सांगितला.

"मागं फार शोभेल, सार," त्यागराज म्हणाला.

वास्तुशांतीच्या दिवशी चंद्रमतीबाई आहेराची समई मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या आणि पुढच्या काचेकडे सरकू लागल्या.

"अहो, गाडी उतारावर आहे का?"

"सपाटीवर आहे."

"मग मी कुठं चालले?"

वरुणरावांनी गाडी काढली. त्यांचं सारं लक्ष बांधाकडे होतं. आणि बांध आला, चाकं चढली, पोट टेकलं नाही, जीप अलगद पलीकडे उतरली. गरज नसताना त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला आणि मांडवासमोर गाडी थांबवली.

मांडवातले सगळे वळून बघू लागले. जीपचं नाक जमिनीकडे आणि शेपूट आभाळाकडे होतं. एकोजी पुढे आला, चष्मा सारखा केला, आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "असू दे, असू दे. औक्षवंत हो."

वरुणरावांनी तत्काळ जीप फिरवली. आता शेपूट दाराकडे झालं. आत भटजी मंत्र म्हणायचे थांबले.

"अहो," चंद्रमतीबाई म्हणाल्या, "नव्या घराला हे काय दाखवताय?"

मग वरुणरावांनी जीप बांधापलीकडे नेली, वळवली, परत आणली. आणि पुढची चाकं बांधावर चढताच ती फूटपट्टीसारखी सरळ झाली. वरुणराव तिथेच थांबले. असा ताठ जावई गावानं पाहिला नव्हता. अडचण इतकीच की घराकडे जायला तेवढी एकच वाट होती, आणि मागे आचाऱ्याची व्हॅन येऊन उभी राहिली होती. जेवण व्हॅनमध्ये होतं. मांडव उपाशी होता. रस्समचा वास जीपमध्ये शिरला.

एकोजी बांधापाशी आला. "अडकलात काय, भावजी? ट्रॅक्टर काढतो की."

"अडकलो नाही. उभा आहे."

"अक्का, किती वेळ उभे राहणार म्हणे हे?"

चंद्रमतीबाईंनी समई दुसऱ्या मांडीवर घेतली. "पुढं घ्या हो. वाकली तर गाडी वाकेल. तुम्हाला कोण वाक म्हणतंय?"

वरुणरावांनी व्हॅनकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि गिअर टाकला. जीप बांधावरून उतरली, मांडवासमोर गेली आणि नाक खाली घालून उभी राहिली. एकोजीनं पुन्हा बॉनेटवर हात ठेवला. वरुणराव मात्र आत पाठ शक्य तितकी मागे टाकून बसले होते, जीपची आणि त्यांची मिळून सरासरी सरळ यावी म्हणून.