मागच्या सीटवरची बंदूक

ऊर्मिलाने उष्ट्या कपांचा ट्रे बाहेरच्या टेबलावर तसाच ठेवला आणि फोगेल आजोबांच्या गाडीच्या काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. मागच्या सीटवर बंदुकीची लांब हिरवी पिशवी. दाराला हात लावला, तर दार उघडंच.

ती बेकरीत परत आली. आजोबा खिडकीशी कॉफी पीत बसले होते.

"हेर फोगेल, गाडी उघडी आहे. आत बंदूक आहे," जर्मन रीतीने नावाआधी 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावत ती हळूच म्हणाली.

"एवढ्याशा वेळात कोण नेतंय?"

"माझं नेलं होतं."

ती आणि नवरा बॉनला दिराकडे गेले असताना कुणीतरी त्यांच्या गाडीची काच फोडून बॅग पळवली होती. बॅगेत टॉवेलात गुंडाळलेल्या आईच्या पाटल्या होत्या. तेव्हापासून पार्किंगमधून चालताना तिची नजर आपोआप प्रत्येक गाडीत जाई. दिसेल त्याला ती सांगे, "पर्स सीटवर ठेवू नका हं." लेक ईप्सिता "मामा, बिटे! आई, प्लीज ना!" म्हणत चार पावलं पुढे निघून जाई. त्या हिवाळ्यात त्यांच्या बॉबलिंगेन गावात गाड्या फोडण्याचे प्रकार वाढले होते, त्यामुळे गिऱ्हाइकं आता तिला हसत नव्हती.

फोगेल आजोबा तर तिला कधीच हसले नव्हते. ती बेकरीत कामाला नवी असताना पावांची जर्मन नावं तिच्या तोंडात बसत नसत. तेव्हा आजोबा काउंटरसमोर उभे राहून, आपल्यालाच आठवत नसल्यासारखं, एकेक नाव सावकाश उच्चारत. शनिवारी सकाळी जंगलातून शिकार करून आले की त्यांची कॉफी ठरलेली. बायको गेल्यावरही त्यांनी हा नेम मोडला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी कुरकुरत जाऊन गाडीला कुलूप लावलं. पण पुढे एका शनिवारी कॉफी संपवून, टोपी घालून ते चालत घराकडे निघून गेले. गाडी तिथेच राहिली. औषधं घ्यायला गेले असतील, असं ऊर्मिलाला वाटलं. बराच वेळ झाला तरी ते आले नाहीत, तेव्हा ती बाहेर गेली. किल्ली गाडीलाच लटकत होती. काच अर्धी खाली. मागे बंदूक.

ती गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तिने नवऱ्याला फोन केला.

"अहो, आत्ताच्या आत्ता फोगेल आजोबांच्या घरी जा आणि त्यांना इकडे घेऊन या. बंदूक गाडीत आणि ते घरी!"

"ऊर्मिला, पोलिसांना फोन कर. हे गेनाऊ, अगदी त्यांचंच काम आहे," श्रीरंग म्हणाला.

"करू ना. पण त्यांना येऊ दे आधी. त्यांच्या पाठीमागे नको."

बर्फ भुरभुरायला लागला होता. आत गिऱ्हाइकांची रांग वाढली होती आणि मालकीणबाई दारातून हाका मारत होत्या. ऊर्मिला अंगातल्या एप्रनवर तशीच उभी राहिली. बोटं बधिर झाली, पण ती तिथून हलली नाही.

श्रीरंगबरोबर आजोबा आले, ते घरातल्या सपाता घालूनच. ओळखीच्या माणसाचं नाव आठवू नये, तसे ते गाडीकडे बघत राहिले.

"मी तर चालत आलो होतो."

"नाही, गाडीने आलात."

त्यांनी खिसे चाचपले. मग गाडीलाच लटकणारी किल्ली त्यांना दिसली. ते मागच्या सीटवर वाकले, बंदूक रिकामी आहे ना ते पाहिलं आणि पिशवीची चेन ओढली.

"गेल्या आठवड्यात जंगलातच राहिली होती," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "परत जाऊन आणली. मुलीला सांगितलं नाही मी."

'होतं असं कधीकधी' हे शब्द ऊर्मिलाच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

"बंदूक आता तुमच्याकडे नको," ती म्हणाली. "तुम्हीच बंदूक-परवान्याच्या ऑफिसला, लांड्राट्सआम्टला फोन करा. आम्ही येतो सोबत."

"तुला काय कळतंय? वडिलांची आहे ती!"

"माझ्या पाटल्याही आईच्याच होत्या. त्या चोराने नेल्या, हेर फोगेल. ही तुम्ही स्वतःच्या हाताने द्याल."

आजोबा दार उघडं ठेवून गाडीत बसून राहिले. मांडीवर बर्फ पडत होता, तो त्यांनी झटकलाही नाही. शेवटी त्यांनी हात पुढे केला.

"फोन दे तुझा."

सोमवारी ते टाय लावून, हिरवा कोट घालून दारात तयार होते. बंदूक कुलूपबंद पेटीत घालून डिकीत ठेवली होती. लांड्राट्सआम्टमधल्या टेबलावर ती ठेवताना नळीवर त्यांच्याच बोटाचा डाग उठला. आजोबांनी गळ्यातला मफलर काढून त्याने तो पुसला. समोरची अधिकारी बाई हातातलं पेन खाली ठेवून थांबून राहिली.

परतताना श्रीरंग गाडी चालवत होता आणि आजोबा त्याच्या शेजारी बसले होते. जंगलाच्या कडेला आल्यावर आजोबांनी अचानक तळहात वर केला.

"थांब. सावकाश."

एक हरिणी रस्ता ओलांडत होती. ती पलीकडे गेली तशी श्रीरंगने गाडी पुढे घ्यायला घेतली.

"अजून नाही," आजोबा कुजबुजले. "पिल्लू मागे आहे."

श्रीरंगला झाडीत काहीच दिसेना. ऊर्मिलालाही नाही. मागे गाड्या येऊन उभ्या राहिल्या. आजोबांचा हात तसाच वर होता, जराही न हलता.

मग झुडपं हलली.