माणिकबाईंची पाऱ्याची पेटी

मी एक जुनी बी.पी.ची पेटी आहे. अंग राखाडी पत्र्याचे. झाकण उघडले की आत काचेची नळी, नळीत पारा, दंडाला बांधायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा. मूर्तिजापूरच्या एका बंद घरात, कपाटाच्या खालच्या खणात मी पडून असते. इथे आता कोणी येत नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्याशी बोलते.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तपासनिसाने स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधून पाहिले आणि म्हणाला, "खरं सांगते ही." एवढे एकच कौतुक घेऊन मी १९८९ साली सिरसोडा नावाच्या खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात आले. तिथे माणिकबाई नर्स होत्या. वय अठ्ठावीस. नवरा वारलेला, पदरी चार वर्षांचा कुलदीप. त्या मला पिशवीत घालून घरोघर हिंडत. पावसाळ्यात काळी माती चपलांना चिकटून पाय जड होत. मग त्या चपला हातात घेत, पण मला काखेतून कधी काढत नसत.

त्या काळी गावात तानुबाई नावाच्या एक आजी होत्या. त्या भाजीत दोनदा मीठ घालत. स्वतःच्याच दारात उभ्या राहून घराचा पत्ता विचारत. "म्हातारचळ लागला," असे म्हणून लोक हसत. अशी माणसे गावात एखाददुसरीच. तेवढे वय गाठणारेच मुळी थोडे होते.

पुढे कापसाची वाईट वर्षे आली. बोंडअळीने उभी शेते पोखरली. काही घरांतली कर्ती माणसे गेली आणि ती कशी गेली, हे गाव हळू आवाजात बोलू लागले. माणिकबाई त्या घरांत जाऊन बसत. मागे राहिलेल्या बायांच्या दंडाला पट्टा बांधत. दंड बारीक होत चालले होते आणि माझा पारा वर चढत होता.

अशातच त्यांना अकोल्याला प्रशिक्षणाला बोलावले. मीही सोबत होते. तिथले डॉक्टर म्हणाले, "आता माणसं जास्त जगतील, म्हणून विसरण्याचा आजारही जास्त दिसेल. पण प्रत्येकाच्या वाट्याचा धोका ठरलेला नसतो. चाळिशी-पन्नाशीत बी.पी. ताब्यात ठेवलं, माणसांत राहिलं, कानांनी नीट ऐकू येत राहिलं, तर तो कमी होऊ शकतो."

माणिकबाईंनी हे बोलणे मनावर घेतले. गावात बांगड्या विकणाऱ्या हलीमाबी तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. पारा एकशे ऐंशीवर गेला, तरी त्या गोळी घ्यायला तयार होईनात.

"मले काई होऊन नाई राहिलं, बाई. डोकंबी दुखत नाई. कावून गोळी खाऊ?"

"दुखत नाई म्हनूनच त भेव हाय," माणिकबाई म्हणाल्या. "नातवंडायची नावं तोंडपाठ पायजे ना तुमाले?"

दर महिन्याला माणिकबाई त्यांना शोधत बाजारापर्यंत जात. शेवटी हलीमाबींनी हार मानली. त्या गोळी घेऊ लागल्या आणि घेतच राहिल्या.

एकदा त्याच म्हणाल्या, "बाई, साऱ्या गावाले पट्टा बांधता. सोताच्या दंडाले कधी बांधता?"

त्या दुपारी उपकेंद्रात कोणी नव्हते. माणिकबाईंनी एका हाताने पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. मी खरे तेच दाखवले. एकशे सत्तर. त्यांनी आणखी एकदा मोजून पाहिले. आकडा तोच. कुलदीपचे कॉलेज नुकतेच सुरू झाले होते. कामाला आणखी गावे जोडली गेली होती. "थकवा असन," असे पुटपुटून त्यांनी हवा सोडली आणि झाकण लावले. पुन्हा तो पट्टा त्यांच्या दंडाला कधी लागला नाही. मित्रांनो, एवढे मोठे गुपित पोटात घेऊन मी वर्षानुवर्षे त्यांच्याच काखेत फिरले. त्याहून एकटे मला कधी वाटले नाही.

काही वर्षांनी बटण दाबताच आकडा दाखवणारी नवी यंत्रे आली. पारा विषारी म्हणून मी मोडीत निघाले. माणिकबाई मला मागून मूर्तिजापूरच्या आपल्या घरी घेऊन आल्या. पुढे त्या निवृत्त झाल्या. कुलदीप पुण्यात नोकरीला होता. घरात त्या एकट्या आणि कपाटात मी. सुरुवातीला त्या रोज मला पुसत. मग एकाच दिवसात तीन-तीनदा पुसू लागल्या. एके दुपारी त्यांनी माझा पट्टा खुर्चीच्या हाताला बांधला आणि म्हणाल्या, "तानुबाई, हात सैल सोडा." तानुबाईंना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

नेमक्या तेव्हाच सिरसोड्याहून हलीमाबी भेटायला आल्या. दारातच थबकल्या. मग खुर्चीचा पट्टा सोडून त्यांनी कुलदीपला फोन लावला.

"पण काकू, आई तर फोनवर बरोबर बोलते," तो म्हणाला.

"पाच मिनिट कोनीबी बरोबर बोलते, बेटा. तू चार दिवस येऊन राह्य."

तो आला. चौथ्या दिवशी अंगणात जाऊन रडला. अकोल्याच्या डॉक्टरांनी आईला तपासले. "नेमकं कशामुळे झालं, हे ठाम सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण बी.पी. फार वर्षांचं दिसतं. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं सांभाळू." मग त्यांनी कुलदीपकडे पाहिले. "तुमचं कधी मोजलंय?" त्याने कधीच मोजले नव्हते. त्याचेही वाढलेले निघाले. वय अवघे अडतीस. त्याच दिवशी त्याचेही औषध सुरू झाले.

आठवड्याने तो आईला पुण्याला घेऊन निघाला. हलीमाबी निरोप द्यायला आल्या होत्या. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना गावातल्या प्रत्येक मनगटाचे माप पाठ होते. गाडीत बसलेल्या माणिकबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "तुमी कोनाच्या, बाई?"

हलीमाबींनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचीच हाय मी," त्या म्हणाल्या.

गाडी गेली. घराला कुलूप लागले. मला न्यायचे कोणाच्या ध्यानात आले नाही आणि त्याचा मला राग नाही.

मित्रांनो, जी माणसे सगळ्यांची काळजी घेतात, त्यांना कोणी "तुमचं कसं आहे?" असे विचारत नाही. तुम्ही विचारा. आई, बाबा, आजी, शेजारच्या काकू, कोणीही असो. एकदा त्यांचे बी.पी. मोजायला घेऊन जा, आणि आकडा वाढलेला दिसला तर गप्प बसू नका. मला वाचा नव्हती. तुम्हाला आहे.